दामलेकाकांच्या तीन कुंड्या

दामलेकाका मूकपटांना बोलायला लावतात. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकली आणि टाकून दिलेल्या गाद्यांच्या मधे त्यांनी एक पांढरी चादर टांगली आहे. दर शनिवारी दुपारी इथली मराठी मुलं जमली की त्या चादरीवर एखादा जुनापुराणा जर्मन सिनेमा लागतो आणि प्रोजेक्टरशेजारी उभे राहून काका सगळ्या पात्रांचे संवाद एकहाती मराठीतून म्हणतात. टोपीवाला मालक "काय रे गजानना, पुन्हा उशीर?" असं गुरकावतो. गोरी नायिका "इश्श, बाबा बघतील ना!" म्हणते. माझी लेक सई बरीच मोठी होईपर्यंत, पूर्वीचे जर्मन लोक मराठी बोलत, असंच समजत होती. शाळेत बाईंनाही तसं सांगून आली.

काका मूळचे पुण्याचे. तरुणपणी इंजिनिअर म्हणून आले, इंगेकाकूंशी लग्न केलं आणि इकडचेच झाले. मराठी मात्र त्यांनी आले तेव्हाची तशीच जपली आहे, त्यात फक्त एक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोब्बर', घुसला. काही वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून जुन्या बाजारात जाऊन रिळांचे डबे आणणं फारच वाढलं. आणलेलं प्रत्येक रीळ ते खिडकीशी उजेडात धरायचे, थोडं बघायचे, "हे नाही," म्हणायचे आणि कपाटात ठेवायचे. म्हातारपणाचा चाळा म्हणून मी कधी विचारलं नाही.

मग घरात गांजाची तीन झाडं लावायला या देशाने परवानगी दिली आणि ज्यांना सुपारीनेही ठसका लागतो त्या आमच्या काकांनी बाल्कनीत मोजून तीन कुंड्या मांडल्या. झाडं मुलांच्या हाती लागू नयेत असा नियम, म्हणून तिन्ही कुंड्यांना सायकलची साखळी आणि कुलूप. रस्त्यावरून कोणी वर पाहिलं की काका खाली वाकून सांगत, "कायदेशीर आहे हो! गेनाऊ तीन!"

झालं. इथल्या मराठी घरांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि एकाएकी सगळ्यांच्या मुलांना शनिवारी पोहण्याचा क्लास लागला. आमच्या सईलासुद्धा, कारण तेव्हा पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या.

"मीनल, तो माणूस गांजा पिकवतो आणि तू त्याला आमटीचे डबे पाठवतेस?"

"पण आई, तुमच्या माहेरी महाशिवरात्रीला भांग घोटायचे ना?"

"ती भांग होती."

"झाड एकच असतं, आई."

"असेल. आमचं देवासाठी होतं!"

सई सोफ्यावरून म्हणाली, "डास इस्ट उनफेअर, ओमा." हा अन्याय आहे, असं. आजीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. पण शनिवारचा पोहण्याचा क्लास काही सुटला नाही.

एका शनिवारी मी सायकल काढायला केलरमध्ये उतरले. काकांनी खुर्च्या नेहमीसारख्या मांडल्या होत्या आणि त्यांवर कोणी नव्हतं. सिनेमा चालू होता. गजानन बोलत होता, पण अगदी हळू आवाजात. मी सायकल न घेताच वर आले आणि आईंना सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईंनी काकांना जिन्यातच गाठलं. "भावजी, स्पष्ट विचारते. या वयात त्या झाडांचं तुम्ही करणार काय?"

"वास घेणार, वहिनी."

आई एक पायरी मागे सरकल्या.

"शनिवारी याच तुम्ही," काका म्हणाले. "पोरांना नको, कुंड्या खाली आणणार आहे. आता बघा हं!"

शनिवारी कुंड्या उतरवायला मी मदतीला गेले. एव्हाना झाडं छातीएवढी झाली होती. जिना उतरता उतरता काकांनी सांगितलं, "इंगेच्या वडिलांचं हान्फचं शेत होतं. हेच झाड, दोर वळण्यासाठी. गावात मान होता त्याला. मग बंदी आली आणि सासऱ्यांनी शेताचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढला. आज बघ, जावई बाल्कनीत लावतोय आणि सरकार म्हणतंय, लाव."

"आणि आजचा सिनेमा?"

"गावच्या मास्तरांनी एकदा कापणीचं शूटिंग केलं होतं. लहानपणीची इंगे आहे त्यात. रीळ कुठे गेलं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणायचो, शोधून दाखवतो. बाकीचे सगळे सिनेमे ते शोधता शोधता जमले गं. गेल्या हिवाळ्यात सापडलं, रेगेन्सबर्गच्या बाजारात." त्यांनी कुंडी चादरीशेजारी ठेवली. "ती म्हणायची, त्या शेताचा वास डोक्यातून जात नाही. सिनेमात वास येत नाही ना, मीनल."

आई नाकाला रुमाल लावून पहिल्या रांगेत बसल्या. काकांनी दिवा मालवला. चादरीवर पुरुषभर उंच हान्फ डुलायला लागला, केलरभर तोच हिरवा, उग्र दर्प. काका रंगात आले. "काय रे गजानना, विळा घेऊन झोपलास की काय?" आई रुमालाआड हसल्या. इतक्यात उंच झाडांमधून एक एवढीशी पोर बाहेर आली, केसांत रिबीन, समोर बघून हसत काहीतरी म्हणाली आणि पुन्हा झाडांत पळाली.

काका काहीच बोलले नाहीत. नुसता प्रोजेक्टर खडखडत राहिला. रीळ संपलं तरी त्यांनी दिवा लावला नाही.

"भावजी," आई म्हणाल्या. रुमाल आता मांडीवर होता. "सगळ्यांना बोलतं केलंत. तिलाच का बोलू दिलं नाही?"

"तिचं मला जमत नाही, वहिनी."

"जमवा. लावा परत."

पुढच्या आठवड्यात आईंनीच घरोघरी फोन करून सगळ्यांचे पोहण्याचे क्लास बुडवले, पण ते नंतरचं. त्या दुपारी काकांनी रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. गजानन बोलला, मालक बोलला. पोर झाडांतून बाहेर आली तसा काकांनी घसा खाकरला आणि बारीक, थरथरता आवाज काढला.

"शोधा पाहू मला!"

आणि अंधारात आई म्हणाल्या, "सापडलीस गं बाई."