विनापरवाना उतरवलेलं विमान

दातांच्या डॉक्टरांनी पन्नाशी ओलांडल्यावर जेट विमान घेतलं. माणसाच्या उंचीएवढं लांब, रिमोटवर चालणारं, पण पोटात खरंखुरं टर्बाइन इंजिन आणि टाकीत रॉकेल. तसं पाहिलं तर डॉक्टरांच्या हातात टर्बाइन आयुष्यभर होतंच. दात कोरायचं यंत्र हवेच्या टर्बाइनवरच फिरतं. मात्र त्याचा आवाज सुरू झाला की समोरच्याचा चेहरा उतरायचा. एकदा तरी असं टर्बाइन फिरवावं, की लोक आपणहून आ वासतील, एवढीच त्यांची इच्छा होती.

शहराबाहेर मॉडेल जेट मंडळाची धावपट्टी होती. रविवारी सकाळी डॉक्टर बायकोला घेऊन तिथे पोचले. मंडळाचे सचिव म्हणजे उभी हयात फायली अडवण्यात घालवून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी हात मागे बांधून विमानाभोवती एक फेरी मारली.

"टर्बाइनचा परवाना आहे?"

"नाही. तोच काढायला आलोय."

"सोपं आहे. परीक्षकासमोर टर्बाइन उडवून दाखवायचं."

"मग आज दाखवू का?"

"परवान्याशिवाय टर्बाइन उडवता येत नाही," सचिव म्हणाले.

"मग नवशिका माणूस सुरुवात कशी करतो?"

"प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. दोन रिमोट जोडायचे. तुमचं चुकलं की प्रशिक्षक ताबा घेतो. प्रशिक्षक मीच आहे, पण माझा परवाना संपलाय. नूतनीकरणाला परीक्षकासमोर उड्डाण करावं लागतं."

"आणि परीक्षक?"

"तोही मीच," सचिव नम्रपणे म्हणाले. "आता स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यायची म्हणजे बरं दिसत नाही. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

डॉक्टर सभासद झाले आणि मंडळात रविवारी काय चालतं ते त्यांना हळूहळू कळत गेलं. सगळे आपापली विमानं आणून सावलीत मांडत. एकेकाची पाळी येई. रॉकेल भरलं जाई, एक जण आग विझवायचं नळकांडं घेऊन मागे उभा राही, आणि इंजिन शिट्टी घालत चढत चढत किंचाळायला लागे. बाकीचे कानावर हात ठेवून गंभीरपणे माना डोलवत. मग इंजिन बंद करून, थंड करून, विमान मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवलं जाई. नंतर चहा पिताना तळहात तिरपे करून वाऱ्यात विमान कसं उतरवावं यावर तावातावाने चर्चा होई.

मंडळाचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी होते. त्यांचं विमान सगळ्यांत मोठं. डॉक्टरांनी एकदा भीत भीत विचारलं, "हे शेवटचं कधी उडालं होतं?"

अध्यक्षांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, उडवायचंच असतं तर एवढं महागाचं कशाला घेतलं असतं?"

डॉक्टर हाडाचे विद्यार्थी. त्यांनी फोमचं, बॅटरीवरचं छोटं जेट आणलं आणि दवाखान्यामागच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी उडवायला घेतलं. मंडळात त्याला 'खेळणं' म्हणत. संध्याकाळी ते संगणकावर टर्बाइनचा सराव करत. टर्बाइनची खोड अशी, की रिमोटवरची जोराची दांडी आता पुढे ढकलावी तर जोर जरा वेळाने येतो. म्हणून गरज पडायच्या आधीच तो मागून ठेवावा लागतो. हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं.

"म्हणजे अगदी तुमच्यासारखं," ती म्हणाली. "हाक मारली की हलायला वेळ, आणि एकदा हललं की आवरायला कोणी नाही."

एका रविवारी अध्यक्षांचं विमान धावपट्टीच्या टोकाला किंचाळत उभं होतं. रिमोट त्यांच्या गळ्यात पट्ट्याने लटकलेला. पडलेली टोपी उचलायला ते वाकले, आणि त्यांच्या पोटाने दांडी पुढे ढकलली. ब्रेक कागदोपत्री उत्तम होते. विमान सुटलं, धावलं आणि मंडळाची नियमावली वाचलेली नसल्यामुळे उडालं.

अध्यक्षांनी रिमोट गळ्यातून काढून सचिवांपुढे धरला. "घ्या, तुम्ही परीक्षक."

"माझा परवाना संपलाय," म्हणत सचिवांनी तो खजिनदाराच्या हातात कोंबला. खजिनदार म्हणाला, "मी फक्त वर्गणी गोळा करतो." विमान तोवर रस्त्याकडे वळलं होतं, आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती.

सावलीत बसलेल्या डॉक्टरांच्या बायकोने उठून खजिनदाराच्या हातून रिमोट काढून घेतला आणि नवऱ्याला दिला. "अहो, धरा."

"अगं, पण मला परवाना..."

"अहो."

डॉक्टरांनी विमान रस्त्यावरून अलगद मागे फिरवलं. धावपट्टीच्या रेषेत आणलं. वेग कमी होतोय असं दिसण्याआधीच जोर मागून ठेवला, आणि तो नेमका हवा तेव्हा आला. विमान धावपट्टीवर टेकलं, थोडं उसळलं, पुन्हा टेकलं आणि लांबवर जाऊन थांबलं. डॉक्टरांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे सचिवांच्या तोंडाकडे पाहत होते.

पुढच्या रविवारी चौकशीची बैठक झाली. डॉक्टरांची बायको मागच्या रांगेत बसली होती.

"चालकाविना जे घडतं तो अपघात," सचिवांनी मांडणी केली. "अपघाताला परवाना लागत नाही. विमान पडलं असतं, तर सगळं नियमात बसलं असतं. पण डॉक्टरांनी रिमोट हातात घेतला त्या क्षणी त्याचं उड्डाण झालं, तेही विनापरवाना. आणि त्यांनी ते सुखरूप उतरवल्यामुळे पुरावाही शाबूत राहिला."

"म्हणजे मी ते गाड्यांवर पडू द्यायचं होतं?"

"मंडळ असं अजिबात म्हणत नाही. मंडळ एवढंच म्हणतं, की ते तुमचं काम नव्हतं."

अध्यक्षांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. माझं विमान तुमच्यामुळेच वाचलं. पण आज तुम्हाला सोडलं, तर उद्या कोणीही उठेल आणि उडवायला लागेल."

डॉक्टरांना वर्षभर उड्डाणबंदी करण्याचा ठराव मांडला गेला, हात वर झाले आणि तो एकमताने मंजूर झाला.

परतताना गाडीत बसल्यावर बायकोने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, "एक विचारू? तुमचा हात का वर होता?"

डॉक्टरांनी गिअर बदलला. "सगळ्यांचे होते," ते म्हणाले.

यावर तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त भरल्या बैठकीत तुम्ही एकट्याने हात खाली ठेवलेला शेवटचा प्रसंग तेवढा आठवून सांगा. सावकाश आठवा. डॉक्टर थांबतील, त्यांना सध्या उडवायची बंदी आहे.