घोलप सरांनी नापास केलेली सॉफ्टवेअरं

आमचे घोलप सर सॉफ्टवेअरचे पेपर तपासतात. खरंच! लाल पेन, शंभरपैकी मार्क, खाली सही.

उमापूरला आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, रिटायर झाले, पण हाताची सवय जाईना. घरी स्वतःचा मायक्रोस्कोप हाय. त्याखाली कापसाच्या फुलाचा परागकण ठेवायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, फोटो. परत केसभर, परत फोटो. असे साठ-सत्तर. मग सॉफ्टवेअर ते फोटो चपात्यांच्या चळतीसारखे रचतं आणि अख्खा कण स्क्रीनवर गोल फिरतो. काटेरी, लई भारी!

पण सरांना पसंत पडंल तर ना! फुकटवाल्याला एकतीस मार्क : "काटे बोथट काढलेत. नापास." विकतच्याला अठ्ठावीस : "नुसतं दिसायला गोंडस. आत पोकळ."

गेवराईत माझं कॉम्प्युटरचं दुकान. सर दर सोमवारी येऊन, तो कण नीट फिरवायला लागतं त्या ग्राफिक्स कार्डाची तोंडी परीक्षा घ्यायचे. "मेमरी किती? तापतं किती? खरं बोल बे!" मला तर चेवच यायचा. "सर, थांबा, दोन महिन्यांत याच्या डबल ताकदीचं येतंय!" सर थांबायचे. ते आलं की मी परत, "सर, आता पुढचं..."

एकदा घोलपकाकूच दुकानात आल्या. "बाबा, यांना काय ते एकदाचं देऊन टाक. मला काचबिंदू झालाय. त्या नळीतलं काय दिसंना, म्हणून मोठ्या पडद्यावर दाखवतो म्हणतेत. मी चकलांब्याची, जल्मभर कापूस वेचला ना. पण डॉक्टर म्हणले, नजर जाणार."

तवाच द्यायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "काकू, दिवाळीला नवीन कार्ड येतंय!" इतक्या जोरात म्हणालो की त्या बी हसल्या.

शेवटी गुढीपाडव्यानंतर सरांच्या घरी मशीन बसवलं. एकतीस मार्कवालंच सॉफ्टवेअर, आणि सरांनी पहिल्या सोमवारी हातात घेतलेलं तेच कार्ड.

भर दुपार. टेबलावर डावीकडं स्क्रीन, उजवीकडं कॉम्प्युटरचं कॅबिनेट, त्याचा पंखा घुंघुं करत होता. कण फिरायला लागला. सर म्हणाले, "बघ."

काकूंनी पंख्याच्या आवाजाकडं तोंड केलं. "अगं बाई! केवढं मोठं हो! काटे बी दिसतेत."

मी बोलणार, तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला. मग दोन्ही हातांनी स्क्रीन उचलला आणि कॅबिनेटवर, काकूंच्या तोंडासमोर नेऊन ठेवला.

"हां," म्हणाले, "आता सावकाश फिरवतो."