पाठीवरचे कप आणि मेव्हण्याचा पान्हा

मी कशालाही भीत नाही! गोदामात छताला टेकेल एवढा माल मी फोर्कलिफ्टनं असा अलगद चढवतो, की खाली उभा असलेला सुपरवायझर श्वास घ्यायचा विसरतो. पण त्या सकाळी माझंच धाबं दणाणलं होतं. माझी कंबर वर्षानुवर्षं दुखते ही बातमी वरपर्यंत पोचली होती आणि कंपनीचे डॉक्टर आज मला तपासायला येणार होते. नापास झालो तर फोर्कलिफ्ट जाणार आणि मी गेटवर खुर्ची टाकून बसणार! त्या खुर्चीवर गेलेला माणूस परत आत आलेला मी तरी पाहिलेला नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, "आधी पाठीला हे हवा ओढून चिकटणारे कप लावायचे, मग ते काढायचे आणि मगच व्यायाम." त्यानं फरकही पडत होता. तसलेच कप मी विकत आणून ठेवले होते. म्हटलं, आज घरीच दोन्ही एकदम केलं तर फरक दुप्पट!

"अहो, बाईंनी कप काढून मग व्यायाम करायला सांगितलंय," बायको म्हणाली.

"त्या सगळ्यांनाच सांगतात. तू लाव!"

तिनं कप लावले, छोट्या पंपानं आतली हवा ओढली. मी हातागुडघ्यांवर ओणवा झालो आणि व्यायामातल्यासारखी पाठ वर उचलली. कपांनी अशी काही पकड घेतली, की माझे डोळे पांढरे झाले!

"काढ! काढ!"

तिनं कप ओढला, तर कपाबरोबर मीच वर गेलो!

"निघत नाहीत हो! बाई कसे काढतात?"

"मला काय माहीत? मी तिथं पालथा असतो!"

तिनं घाबरून भावाला हाक मारली. माझा मेव्हणा प्लंबर. खालच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे मला पळून जायलाही सवड मिळाली नाही. त्यानं एका कपावर टकटक केलं.

"भाऊजी, हे आट्यांवर बसलंय."

"अरे, पाठीला आटे नसतात!"

"सगळ्याला असतात. डावे असतील," असं म्हणून त्यानं कप पिळला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले!

"ताई, यांना धरून ठेव. पान्हा आणतो. नाहीच जमलं तर कटर आहे."

बायको रडवेल्या आवाजात म्हणाली, "कातडी निघून येईल का रे?"

"थोडीफार."

थोडीफार! माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. तो पान्हा घेऊन वर येतोय तोवर मी उघडाच, पाठीवर कप घेऊन, त्याच्या बगलेखालून सटकलो आणि धडाधड जिने उतरलो.

"भाऊजी, थांबा! वायसर बदलला की निघेल!" मागून तो ओरडत होता.

या घटकेला डॉक्टर नक्की सापडतील असं एकच ठिकाण मला माहीत होतं. पलीकडच्या रस्त्यावरचं आमचं गोदाम! जीव मुठीत धरून धावलो. गेटवरचा आडवा बांबू उडी मारून ओलांडला, खोक्यांच्या रांगेवरून टणाटण उड्या मारल्या आणि सुपरवायझरच्या केबिनमध्ये शिरलो.

"डॉक्टर, वाचवा! कातडी जातेय!"

डॉक्टरांनी शांतपणे कपाच्या टोकावरची बारीक पिन वर उचलली. फुस्स! कप त्यांच्या हातात.

"एवढंच?"

"एवढंच. आत हवा गेली की सुटतो."

सगळे कप निघाले. जिवात जीव आला आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. तपासणी!

"डॉक्टर, माझी कंबर…" मी चाचरत म्हणालो.

"तपासायचं काय राहिलंय? केबिनच्या काचेतून तुझ्या उड्या पाहिल्या मी. एकदम फिट!"

वाटलं, त्यांना मिठी मारावी. फोर्कलिफ्ट वाचली! सुपरवायझरच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्यानं मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, असल्या कमरेचा माणूस मी नुसता बसवून ठेवला होता! फोर्कलिफ्ट काय, कुणीही चालवेल. ट्रकमधली पोती उतरवायला माणसं मिळत नाहीत. उद्यापासून तू तिकडे!"

मी झटकन कमरेवर हात ठेवून कण्हलो. दोघंही पोट धरून हसले. डॉक्टर म्हणाले, "मोठा नकल्या आहेस रे!"

तुम्ही तरी विश्वास ठेवा. कण्हलो तेव्हा कंबर खरंच दुखत होती हो!