कवडूच्या हाताखालचे मॅनेजर

सिंदी रेल्वे गावातल्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कोण कोणाच्या हाताखाली आहे, हे दाखवणारं पान ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वर्षालीने कंपनीच्या वेबसाइटवर चढवलं. नावापुढचा बाण दाबला की त्या माणसाच्या हाताखालची माणसं उघडायची, त्यांचे बाण दाबले की त्यांच्या हाताखालची. मॅनेजर प्रभाकररावांनी मालक मोतीलाल शेठजींचं नाव उघडलं. खाली चौकीदार कवडू. कवडूला उघडलं, तर खाली ते स्वतः, आणि त्यांच्याखाली अख्खं ऑफिस.

"सर, तुमचा आणि कवडूचा नंबर अदलाबदल झाला," वर्षाली म्हणाली. "उद्यापर्यंत होऊन जाते."

पण हिंगणघाटला प्रभाकररावांच्या मुलीचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता, रजा उद्यापासूनच हवी होती, आणि रजेचा अर्ज याच पानावरून आपोआप वरच्या माणसाकडे जायचा. तो फाटकावर कवडूच्या मोबाइलात जाऊन पडला होता.

कवडूने अर्ज दोनदा वाचला. "साहेब, कापसाच्या गाड्या येऊन राह्यल्या. तुमी तीन दिवस गेल्यावर काम कोन पाहीन?"

"कवडू, पोरीचा साखरपुडा हाये."

"मले समजते. पन पोळ्याले मी रजा मांगतली, तवा तुमीच 'काम कोन पाहीन' म्हनले होते."

प्रभाकरराव तरातरा वर्षालीकडे गेले. तिने घाईघाईत कवडूला त्यांच्या हाताखाली घातलं, पण त्यांना कवडूच्या हाताखालून काढायचं राहून गेलं. आता प्रभाकररावांखाली कवडू, कवडूखाली प्रभाकरराव, त्यांच्याखाली पुन्हा कवडू. यादी काही संपेना.

तेवढ्यात शेठजी मोबाइल घेऊन आत आले. "प्रभाकरराव, बाण दाबून दाबून बोट दुखून राह्यलं. इतके चौकीदार काऊन ठेवले? आन मॅनेजरही तितकेच."

"शेठजी, मी एकच हावो."

"तुमी एक असान. बाकीच्याइचं काय? वर्षाली, यातला एक कमी करून पाह्य."

वर्षालीने एक प्रभाकरराव काढला. मुळात होताच एक. तो गेला, तसं त्याच्याखालचं सगळं ऑफिस गेलं, वर्षालीसकट. पानावर शेठजी आणि कवडू एवढेच उरले.

"आता कसं सुटसुटीत वाटते," शेठजी म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

प्रभाकरराव पुन्हा फाटकावर आले. "कवडू, माह्या रजेचं काय केलं?"

कवडूने मोबाइल वरखाली करून पाहिला. "साहेब, अर्जच गायब झाला. तुमचं नावही नाई राह्यलं. जो कंपनीतच नाई, त्याले रजा कशाची? जा खुशाल."

प्रभाकररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गाडीला किक मारली.

"थांबा, साहेब," कवडूने रजिस्टर पुढे केलं. "बाहेरच्या मानसाले जाताना सही करा लागते."