तुफान लाल सिग्नलला थांबतो

"बोका मला पहिल्या वळणावरच ओळखेल," मास्तरांनी आईला छातीठोकपणे सांगितलं. "मी गाडी काढली रे काढली, की म्हणेल, हा तुफानच!"

"ओळखू दे," आई म्हणाली. "फक्त जेवण गार व्हायच्या आत ओळखू दे."

तुफान हे मास्तरांचं गेममधलं नाव. शाळकरी वयात बोका दुकान लुटायचा आणि तुफान त्याला गाडीत घालून पोलिसांच्या हातावर तुरी द्यायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, खरी नावंही विचारली नव्हती. नुसते आवाज. पण तसा जिवाभावाचा दोस्त मास्तरांना पुढे मिळाला नाही तो नाहीच. परवा गेमची नवी आवृत्ती आली, आज मास्तरांनी जुन्या खात्यातून डोकावलं, तर बोक्याच्या नावापुढे हिरवा दिवा! रविवारच्या भर दुपारी त्यांना लग्नात फुटला नव्हता एवढा घाम फुटला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. मधल्या काळात त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून, पायाखालचा जादा ब्रेक दाबत, 'क्लच, क्लच' असं ओरडून ओरडून आवाज पार भसाडा झाला होता.

"तुफान? हा तुझा आवाज?"

"वय झालं रे."

"बरं, गाडी काढ. मी आलोच."

बोका दागिन्यांची पिशवी घेऊन दुकानातून धावत आला. मास्तर आरसा नीट करत होते.

"अरे, निघ की!"

मास्तर निघाले. उजवीकडे हात दाखवून, मागचं पाहून, बेताबेताने निघाले. पहिल्या चौकात गाडी थांबली.

"थांबलास का?"

"लाल आहे."

"मागे पोलीस आहेत!"

"म्हणूनच थांबलो."

पोलिसांनी दोघांना अलगद उचललं. मग बोका हळूच म्हणाला, "कोण आहात तुम्ही?"

त्या 'तुम्ही'ने मास्तरांच्या काळजाला घरं पडली. "मी तुफान. काहीही विचार. आपली निळी गाडी, धक्क्यावरची उडी..."

"माहिती कुणीही गोळा करतं. तुम्ही त्याचं खातं चोरलंय." आवाज जरा खाली आला. "तो बरा आहे ना? तेवढं तरी सांगा."

"एक संधी दे," मास्तर काकुळतीला आले.

या खेपेला त्यांनी दात-ओठ खाऊन गाडी सोडली. सिग्नल तोडला, फुटपाथवर चढले, बोका "हां, आता कसं!" म्हणतोय तोच समोर झेब्रा क्रॉसिंगवर एक म्हातारा आला. गेममधलाच. पण मास्तरांचा पाय टेबलाखाली सवयीने जादा ब्रेकवर आदळला. तिथे ब्रेक कुठला असायला? तिथे विजेच्या बोर्डाचं बटण होतं. कॉम्प्युटर गप्पकन बंद.

पुन्हा सुरू होईपर्यंत मास्तर नखं खात बसले. जोडणी झाली, तेव्हा बोका म्हणत होता, "पळालात ना? कळवतोच आता कंपनीला. खातं बंद होईल तुमचं."

"बोक्या, ऐक तरी..."

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. "डोळ्यांच्या खाचा होतील मेल्या! ताट वाढलंय केव्हाचं. आणि त्या बोक्याला सांग, त्याच्याही घरी कुणीतरी वाढून बसलं असेल."

पलीकडे बोक्याचा सूरच बदलला.

"काकू?"

आईने मायक्रोफोनकडे वाकून पाहिलं. "बोका का रे तू? जेवलास?"

"नाही अजून." बोका ओरडलाच. "तुफान, अरे तूच की! खातं कुणीही चोरेल, लहानपणी रोज ऐकलेली काकूंची बोलणी कुठून चोरणार? पण तुला झालंय काय?"

"त्याला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "ड्रायव्हिंग स्कूल आहे त्याचं. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक मारतो."

मास्तरांनी मान खाली घातली. आता हसेल, असं त्यांना वाटलं. बोका हसला नाही.

"खरंच?" तो म्हणाला. "मग मला शिकव ना. दर खेपेला लायसन्सच्या परीक्षेत नापास होतो रे. ऑफिसात सांगतो, तब्येतीसाठी सायकल चालवतो म्हणून."

आई ताट तिथेच घेऊन आली. मास्तरांनी गेममधल्या गाडीत बोक्याला चालकाच्या जागी बसवलं आणि आपण शेजारी बसले. आरसा झाला, पट्टा झाला. गाडी गचके खात चौकापर्यंत आली आणि लाल दिव्याला थांबली. मागून पोलिसांच्या तीन जीप येऊन आदळल्या आणि दोघांच्या हातात बेड्या पडल्या.

"हँडब्रेक लावला होतास?" मास्तरांनी घास गिळत विचारलं.

"लावला होता."

"मग पास."