अकरा मिनिटांचा तारा

"माझा तारा मध्येच बंद पडत नाही," असं डॉक्टर एवारिस्तो कानेपा ला प्लाताच्या एका खगोल संस्थेत इतकी वर्षं सांगत होते, की ऐकणाऱ्याला वाटावं, तारा त्यांनी परसात बांधून ठेवलाय. तारा संगणकात होता. कमी वस्तुमानाचा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपत येऊन निवत चाललेला तारा. त्याचं अब्जावधी वर्षांचं आयुष्य आकडेमोडीने जगवायचं, म्हणजे म्हातारपणी तो कसा धडधडतो ते कळतं. कोर्दोबाच्या ग्रासिएलाने दुर्बिणीतून असाच एक धडधडणारा तारा पकडला होता. गुरुवारी परिषदेत तिच्या निरीक्षणाशेजारी एवारिस्तोंचा हिशेब मांडायचा होता. निवृत्तीपूर्वीचं त्यांचं हे शेवटचं भाषण.

अडचण एवढीच, की दक्षिण गोलार्धातल्या जुलैच्या थंडीत हीटर आणि 'माते' या पाल्याच्या चहासाठी पाण्याची किटली एकदम लावली की संस्थेचा फ्यूज उडे. एवारिस्तोंनी दोन्हींच्या पिना उपसल्या आणि चिठ्ठी डकवली : 'तारा जगतो आहे.'

"आणि आम्ही, डॉक्टर?" कार्यालय सांभाळणाऱ्या नोर्माने विचारलं.

"तीन आठवडे माते प्यायला नाही म्हणून कुणी मेलेलं नाही."

"कुणी करून पाहिलेलं नाही म्हणून."

पाचव्या दिवशी अख्खी संस्था गरम पाण्यासाठी समोरच्या बेकरीत गेली ती तिथेच राहिली. बेकरीवाल्याने फळासुद्धा टांगून दिला. संस्थेच्या नव्या छपराचा खर्च मंजूर करायला मंत्रालयाचे दोघे आले, तेव्हा संचालकांनी मफलर सावरत त्यांच्यापुढे थंड पाण्यातला माते ठेवला. पाहुणे बारा मिनिटांत गेले. त्यांच्याबरोबर छप्परही गेलं.

एवारिस्तो घोंगडी पांघरून पडद्यासमोर बसून होते. दर थोड्या वेळाने नवी ओळ उमटे : तेच तापमान, तेच तेज, अब्जांत लिहिलेलं तेच वय.

"बघ, जरासुद्धा घाई नाही," ते आइलेनला म्हणाले. ती त्यांच्याकडे डॉक्टरेट करत होती. बुधवारी ती हातमोजे घालूनच कळफलकाशी बसली.

"डॉक्टर, हायड्रोजनचा भडका उडाला की हा अडखळतो ना?"

"अडखळला की वेळेचं पाऊल निम्मं करतो. प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"पहिल्याच दिवशी अडखळलाय. निम्मं केलं. मग त्याचं निम्मं. मग त्याचंही निम्मं."

एवारिस्तोंनी चष्मा पुसला. "वय किती वाढलं?"

"एकोणीस दिवसांत? अकरा मिनिटं."



"म्हणजे बंद पडलेला नाही," एवारिस्तो म्हणाले.

"पडलेला नाही," आइलेनने कबूल केलं.

त्यांनी कोर्दोबाला फोन लावला. "ग्रासिएला, हिशेब तयार आहे. जरा आटोपशीर आहे."

"किती आटोपशीर?"

"अकरा मिनिटं."

"अरे एवारिस्तो, माझ्या ताऱ्याचा एकेक ठोका चाळीस मिनिटांचा आहे!"

"ठाऊक आहे मला," एवारिस्तो घोंगडी नीट करत म्हणाले. "पण सुरुवात अगदी तंतोतंत जुळते."