लाल पाटीचा मान

इंग्रजीत माणसाला सावध करायचे जेवढे शब्द आहेत, त्या सगळ्यांचं वजन मला तोळ्या-माशात माहीत आहे. ही फुशारकी नाही. आमच्या लाँड्रीत दुसऱ्या कोणाला ते माहीत नव्हतं, एवढंच सांगतोय. आपल्या मराठीत 'सांभाळून' म्हटलं की भागतं. पायरी निसरडी असो, कुत्रं चावरं असो नाहीतर सासरे मुक्कामाला आलेले असोत, शब्द तोच. बाकीचं काम आवाज करतो. इंग्रजाला आवाज चढवणं अशिष्ट वाटत असावं, म्हणून त्यानं शब्दांनाच पायऱ्या करून ठेवल्या. त्या पायऱ्या चढताना माझा कसा कपाळमोक्ष झाला, ते ऐका.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. मागे बॉयलर, मधे माणूस आत उभा राहील एवढाली धुलाईची यंत्रं, पुढे चादर एका बाजूनं गिळून दुसऱ्या बाजूनं कडक करून देणारे तापलेले रोलर, आणि या सगळ्याचा हिशेब लिहिणारा मी, काचेच्या केबिनमध्ये. त्या वर्षी मोठी हॉटेलं एकेक करून हातची गेली आणि मालक स्वतः पंखे बंद करत फिरायला लागले. मालक पंखे बंद करायला लागले, की पुढचा नंबर माणसांचा असतो. अशात हॉस्पिटलच्या कपड्यांचं काम मिळायची आशा दिसली. मिळालं तर सगळे तरले. नाही मिळालं तर रोलरवरच्या अर्ध्या बायका घरी. अट अशी, की हॉस्पिटलच्या तपासनीस बाई येऊन जागा सुरक्षित आहे का ते बघणार. मालकांनी मला बोलावून सांगितलं, धोक्याच्या पाट्या लाव, इंग्रजीत लाव, इंग्रजी तुझं चांगलं आहे.

मी शास्त्रशुद्ध कामाला लागलो. निळी पाटी नोटीस: आपलं कानावर घालतोय, बाकी तुमची मर्जी. पिवळी कॉशन: दुर्लक्ष केलंत तर खरचटेल आणि वर घरी बोलणी बसतील. नारिंगी वॉर्निंग: जिवावर बेतू शकतं. लाल डेंजर: बेतणारच, शंका नको. 'बिवेअर' मी मुद्दाम टाळला. ज्याच्या मनात काहीतरी असतं, त्याच्यासाठी तो शब्द. कुत्रा, खिसेकापू वगैरे. आमच्या यंत्रांच्या मनात काही नसतं. माणसांच्या असतं, पण माणसांना पाट्या लावायच्या नव्हत्या.

बॉयलरला लाल लावली. ब्लीचच्या खोलीला नारिंगी. रोलरला पिवळी. स्टोअरला, जिथे घड्या केलेल्या टॉवेलांपलीकडे काही नसतं, निळी. सगळं बिनचूक! मग बॉयलर सांभाळणाऱ्या भाऊंनी विचारलं, ही लाल म्हणजे नेमकी काय हो? मला घाई होती. मी म्हणालो, "सगळ्यात वरची."

एवढ्या एका वाक्यानं घात केला.

भाऊ ती पाटी रोज सकाळी पुसायला लागले. एका संध्याकाळी बायकोला आणि मेव्हण्याला घेऊन आले आणि पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. ही बातमी ब्लीचच्या खोलीत पोचायला वेळ लागला नाही. तिथे मावशींचं राज्य. जो डाग कोणाच्या बापाला जात नाही, तो मावशींना जातो. त्या आल्या की मालकसुद्धा खुर्चीतून अर्धे उठतात. मावशींनी शांतपणे विचारलं, माझी कितवी? मी खरं तेच सांगितलं, वरून दुसरी. दुपारी डागांसकट टेबलक्लॉथचा ढीग माझ्या केबिनसमोर येऊन पडला.

"मावशी, हे काय?"

"निघत नाहीत."

"काल तर असलेच निघाले."

"काल मला ठाऊक नव्हतं, मी वरून दुसरी ते."

मी त्यांना समजावलं, की यात मानपान नाही, कशानं माणूस किती मरतो याचा हिशेब आहे. त्यांनी विचारलं, मग ब्लीचनं माणूस कमी मरतो असं तुझं म्हणणं आहे का? मालकांकडे गेलो. मालकांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. देऊन टाक लाल, म्हणाले, पाटीच तर आहे, पगारवाढ थोडीच आहे! फुकटात बढती देता येते हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी रोलरवरच्या बायकांतल्या थोरलीनं आपले भाजलेले हात माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, यात पिवळं कुठं दिसतंय ते दाखवा. तिला लाल द्यावी लागली. स्टोअरकीपरनं निळीचा अपमान इतका मनाला लावून घेतला, की जेवणाच्या सुट्टीत तो आमच्यात बसेना. त्यालाही लाल. मग ड्रायव्हर आला, त्याच्या गाडीसाठी. त्यानं आमच्या घरच्या सगळ्या गोधड्या नेऊन धुऊन, वाळवून, घरपोच आणून दिल्या. आता अशा माणसाला निळी कशी द्यायची? मला न मागता चहा यायला लागला होता. कोणीतरी माझी खुर्ची पुसून ठेवायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. सगळ्यांना वाटून झाल्यावर मी केबिनच्या दारावरही एक लावली. मनाचा मोठेपणा म्हणून नारिंगीच.

भाऊ तेवढे माझ्याशी बोलेनासे झाले. टॉवेलही लाल आणि बॉयलरही लाल, मग त्यांचं वेगळेपण काय राहिलं? त्यांना मी आणखी एक लाल दिली, वर लुकलुकणारा दिवा.

ठरल्या दिवशी तपासनीस बाई आल्या. बारीक अंगकाठी, हातात पेन, चष्मा नाकाच्या टोकावर. स्टोअरच्या दाराशीच थबकल्या.

"टॉवेलांपासून काय धोका आहे?"

स्टोअरकीपर या प्रश्नाची वाटच बघत होता. त्यानं मांडणी कोसळल्याची हकिगत सांगितली. तिच्याखाली एक माणूस होता आणि तो किती वेळ सापडत नव्हता, हेही सांगितलं. त्या माणसाबद्दल मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो. पलीकडून मावशींना ते ऐकवेना. हा कालचा पोरगा टॉवेलांनी माणूस मारतो, आणि त्यांनी गप्प बसायचं? त्यांनी बाईंना हाताला धरून आत नेलं आणि इथे नुसता वास घेतला तरी भला भला गडी कसा आडवा होतो, ते सांगितलं. रोलरवर थोरली म्हणाली, आमच्यात हात गेला तर तो चादरीसारखा पलीकडे घडी होऊन येतो. ड्रायव्हर तर मुद्दाम अंगणातून आत आला, गाडीचे ब्रेक लागत नाहीत हे सांगायला. मालक बाईंच्या पाठीमागून दोन्ही हातांनी खुणा करत होते. सगळ्यांना वाटलं, अजून सांगा म्हणताहेत.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. टोपण लागलं की काम गेलं, हे ऑफिसात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"इथे एकतर सगळे मरायला टेकलेत, नाहीतर सगळे खोटं बोलताहेत," त्या म्हणाल्या. "काहीही असलं तरी माझ्या पेशंटच्या चादरी इथे यायच्या नाहीत."

मग मी पुढे झालो. परिस्थिती सावरायची म्हणून कॉशन आणि वॉर्निंगमधला, वॉर्निंग आणि डेंजरमधला सूक्ष्म फरक उदाहरणांसकट समजावून सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माहीत असून हे असं लावलंत?"

मालकांनी बाईंना हात जोडले. शेवटी बाई खुर्चीत बसल्या. मी चहा घेते, म्हणाल्या, तो संपेपर्यंत ज्याची त्याची खरी पाटी लागलेली दिसली, तर पुन्हा बघीन. नाहीतर निघाले.

चहा आला. कोणी जागचं हललं नाही.

थोरली हळूच म्हणाली, मावशी उतरल्या की आम्ही उतरतो. तिचंच काम जाणार होतं, पण आवाजात काय मिजास! स्टोअरकीपर म्हणाला, रोलर उतरला की मी. मावशी भिंतीला टेकून उभ्या. बाईंनी एक घोट घेतला. आणखी एक घेतला. घाई नव्हती त्यांना. पण कप काही बादलीएवढा नव्हता.

"मावशी," मी म्हणालो, "बायकांच्या पोटावर पाय येईल."

"मला चढवलं कोणी?" मावशींनी माझ्या केबिनकडे हनुवटी केली. "त्यानं आधी उतरावं."

मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि सगळ्यांसमोर माझी नारिंगी उतरवली. पिवळी लावू का, विचारलं.

"खाली."

"निळी?"

"अजून खाली."

निळीच्या खाली काही नाही. दार बोडकं राहिलं, चार भोकांचं.

मावशींनी मग आपली लाल उचकटली, आणि बांध फुटावा तसं झालं. पण आमची माणसं, मधे थांबतील तर शपथ! आता प्रत्येकाला सगळ्यात खाली जायचं होतं. थोरली म्हणाली, रोलर म्हणजे आपला कोमट असतो हो. ड्रायव्हरची गाडी एवढी सावकाश चालायला लागली, की तिला ब्रेकची गरजच उरली नाही. ब्लीच निरुपद्रवी आहे हे दाखवायला मावशींनी बाही वर केली आणि हात पिंपात घालणार, तेवढ्यात बाईंनी कप टाकून त्यांचं मनगट धरलं. आणि मागून भाऊ आले. दोन्ही लाल पाट्या काखेत, दिवा हातात.

"ती बॉयलरची राहू द्या!" बाई किंचाळल्या.

भाऊंचा चेहरा पडला. "सगळे उतरले, बाई," ते म्हणाले, "मी एकट्यानंच वर बसणं बरं दिसत नाही."

शेवटी बाईंनी स्वतः फिरून पाट्या लावल्या. भाऊंना लाल, मावशींना नारिंगी, स्टोअरला निळी. म्हणजे मी पहिल्या दिवशी लावल्या होत्या तशाच, आणि हे मी बोलून दाखवणार एवढ्यात त्या रोलरपाशी थांबल्या. याला पिवळी कोणी ठरवली, म्हणाल्या, हात गेला तर नुसतं खरचटतं का? त्यांनी तिथे नारिंगी लावली. थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

काम मिळालं. आधी काही महिने बघू म्हणून, पण मिळालं. रोलर पुन्हा दोन्ही पाळ्यांना फिरायला लागले. मालकांनी पंखे लावले आणि मला बोलावून घेतलं. आभाराचं पत्र पाठवायचं, म्हणाले, इंग्रजीत लिही, इंग्रजी तुझं चांगलं आहे. मी मान ताठ करून निघालो.

"आणि हे बघ," मागून आवाज आला, "टपालात टाकायच्या आधी मावशींना त्याचा अर्थ सांग. त्या हो म्हणाल्या तरच टाक."

मावशींनी ऐकलं आणि पत्र निम्मं केलं. कुठलं निम्मं गेलं, ते विचारू नका. त्यात मी होतो, एवढंच सांगतो.